दादाच्या आवाजाची खोली

बावन्न वर्षांच्या, जिच्यासमोर ऑफिसातली तिशीतली मंडळी अजूनही खुर्चीतून अर्धवट उठतात, अशा बाईला बुटकी म्हणणं बरं दिसत नाही. पण तिच्या थोरल्या भावाने ते नाव ठेवलं होतं आणि जन्मभर त्या एकट्यानेच ते वापरलं. दुसऱ्या कुणी वापरलं असतं तर तिने त्याची खैर ठेवली नसती. गोष्टीपुरतं आपण ते दादाकडून उसनं घेऊ. तो गेला त्याला तीन वर्षं झाली, तेव्हा नाही म्हणायला यायचा नाही.

बुटकीचं काम खोल्या बांधायचं. विटांच्या नव्हेत, कॉम्प्युटरमधल्या. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात कर्नल नावाचा एक कारभारी बसलेला असतो. कुठल्याही प्रोग्रामला फाईल उघडायची असो की आवाज काढायचा असो, त्याला विचारल्याशिवाय पान हलत नाही. त्या विचारण्याला सिस्टिम कॉल म्हणतात. त्यातले चार-पाच कॉल असे आहेत की ते नीट लावले तर कारभारी एखाद्या प्रोग्रामला सगळ्यांपासून वेगळा काढतो. त्याचं घर वेगळं, त्याच्या फायली वेगळ्या, आत त्याचाच नंबर पहिला. त्या बिचाऱ्याला वाटतं सगळा कॉम्प्युटर आपलाच. आत त्याने हवा तेवढा धिंगाणा घालावा, बाहेर ओरखडा उठत नाही. प्रोग्राम संपला की खोलीही मोडते. अशा खोल्या सी भाषेत बांधण्यात बुटकीची वीस वर्षं गेली होती, आणि या कामात तिचा हात धरणारं त्या ऑफिसात कुणी नव्हतं.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. इमारतीच्या कुठल्याही मजल्यावरून ओरडला तरी तळमजल्यावर ऐकू यावं असा त्याचा गळा. सात वर्षांपूर्वी त्याच गळ्यात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले, तीन आठवड्यांनी तारीख देतो. घरी येऊन तो दिवसभर गप्प बसला, जणू आत्तापासून सराव करत होता. संध्याकाळी बुटकी आली आणि म्हणाली, “तीन आठवडे आहेत ना? मग बस बोलायला.”

तिने एक चांगला माइक आणला. खोलीत आवाज घुमायचा, म्हणून दादाला कपड्यांच्या कपाटात बसवलं, वरून दोन ब्लँकेटं सोडली. वहिनी बाहेर स्टुलावर बसून यादीतले शब्द वाचायची आणि दादा आतून बोलायचा. यादी वहिनीने केली होती. शिव्या त्याने आपणहून भरल्या. एकवीस दिवसांत दोन हजार तीनशे सोळा तुकडे झाले. आकडे, वार, माणसांची नावं, “दार लाव”, “पाणी दे”, “कोण आलंय?”, “मला नाही जायचं”. नुसतं “अगं” अकरा प्रकारचं होतं. भूक लागल्याचं अगं वेगळं, किल्ली सापडत नसल्याचं वेगळं, लाडात आल्याचं वेगळं. अकरावं रेकॉर्ड करताना वहिनी लाजून स्वयंपाकघरात निघून गेली होती.

बुटकीने रात्रंदिवस खपून प्रोग्राम लिहिला. दादा टाइप करायचा, प्रोग्राम तुकडे जोडायचा आणि एका छोट्या मशीनमधून दादाच बोलायचा. ऑपरेशननंतर चार वर्षं तो तसा बोलला. भांडलासुद्धा. टाइप करून भांडणं अवघड, तोवर समोरच्याचा राग निवतो. वहिनी म्हणायची, संसाराची सगळ्यात चांगली वर्षं ती.

या दोघींचं आधी फारसं जमत नव्हतं, हेही सांगून टाकलं पाहिजे. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा बुटकी कॉलेजात होती आणि आपला भाऊ कुणीतरी पळवला अशा तोऱ्यात वागायची. वहिनी तिला रीतसर “वन्सं” म्हणायची, बुटकी वहिनीला “तुम्ही” म्हणायची, आणि दोघी एकमेकींच्या स्वयंपाकातल्या मिठाची खोड काढायच्या. कपाटाबाहेरच्या त्या एकवीस दिवसांत “तुम्ही”चं “तू” झालं. “वन्सं” तेवढं राहिलं, पण थट्टेचं.

दादा गेल्यावर मशीन वहिनीकडे राहिलं. ती कपडे लहान-मोठे करून द्यायच्या एका दुकानात काम करते. सकाळी निघण्याआधी बटण दाबायची, संध्याकाळी आल्यावर दाबायची. काय ऐकते ते कुणाला सांगत नसे. बुटकीने दोनदा विचारलं, “वहिनी, त्याची एक प्रत काढून ठेवू का? मशीन जुनं झालंय.” दोन्ही वेळा वहिनी म्हणाली, “नको. चार ठिकाणी नको बोलायला तो. माझ्याच घरात बोलू दे.” दुसऱ्यांदा तर तिचा चेहरा असा झाला की बुटकीने तिसऱ्यांदा विषय काढला नाही. ज्या बाईने ऑफिसात प्रत न काढल्याबद्दल लोकांना रडवलं होतं, ती घरच्या माणसापुढे गप्प बसली.

मग एका शनिवारी दुपारी वहिनी स्वतःच दारात उभी राहिली. पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं मशीन, दुसऱ्या हातात उसवलेल्या पँटींचं गाठोडं.

“आठवडा झाला, अडखळतोय,” ती म्हणाली. “मध्येच थांबतो. काल तर अर्धं बोलला आणि बंद पडला. बघतेस का?”

“बघते. आत तर ये.”

“एक सांगते, वन्सं. नवीन काय घ्यायचं ते घे, त्यात घाल. पण एकच ठेवायचा. तुझ्या कॉम्प्युटरवर राहायला नको. शब्द दे.”

“दिला,” बुटकी म्हणाली. नव्या मशीनमध्ये हलवेपर्यंत तो तिच्या कॉम्प्युटरवर राहणार, मग तिथून पुसायचा, असं ठरलं. वहिनी खिडकीपाशी खुर्ची ओढून पँटीची शिलाई घालत बसली.

जुन्या मशीनची डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. बुटकीने फायली आपल्या कॉम्प्युटरवर ओढायला घेतल्या आणि तास-दीड तास दोघींचा जीव टांगणीला लागला. दोन हजार तीनशे सोळावी फाईल आली. त्यानंतर दहा मिनिटांत डिस्क करकरली आणि कायमची गप्प झाली. वहिनीने सुई थांबवून विचारलं, “आला?”

“आला सगळा. एकूण एक.”

वहिनीने पदराने नाही, हातातल्या पँटीनेच डोळे पुसले आणि दोघी हसल्या.

आता प्रोग्राम चालवून बघायचा होता. तो सात वर्षांपूर्वीचा, त्याला लागणाऱ्या जुन्या गोष्टी नव्या कॉम्प्युटरवर कुठून असणार? पण खोली कशासाठी असते? जुनी व्यवस्था आत मांडायची, प्रोग्रामला त्यात बसवायचं, त्याला काही कळत नाही. बुटकीने नव्या पानावर चाळीसेक ओळी खरडल्या. क्लोनचा कॉल, त्यात वेगळं घर मागितलं. चेंज-रूटचा कॉल, म्हणजे आतल्याला ती खोली हेच सगळं जग वाटावं. आणि मध्ये एक माउंटचा कॉल, दादाच्या तुकड्यांचं फोल्डर खोलीत दिसावं म्हणून. हा कॉल फायलींची प्रत काढत नाही. आहे त्याच फोल्डरला खोलीतून दुसरं दार पाडतो. दोन्ही दारांतून पोचतो ते एकाच जागी.

पहिली खोली चालली नाही. प्रोग्राम उघडला, आवाज काढणारं यंत्र आत दिसेना, बंद पडला. प्रोग्राम मेला म्हणजे खोली मोडली, तिच्यासोबत ते दारही गेलं, असं धरून बुटकी पुढे गेली. तिने दुसरी खोली लिहायला घेतली, आणि या वेळी सवयीप्रमाणे सुरुवातीला ती एक ओळ घातली, जी ती दरवर्षी नव्या लोकांना फळ्यावर लिहून दाखवायची: आत जे माउंट करू ते फक्त आतच राहू दे, खासगी. जुन्या कॉम्प्युटरवर ही ओळ लागायची नाही. नव्यांवर लागते, कारण तिथे आतलं-बाहेरचं सगळं आपोआप सामायिक असतं. आत पाडलेलं दार बाहेरच्या घरातही उघडतं आणि खोली मोडली तरी बाहेर उघडंच राहतं. पहिल्या खोलीत ती ओळ नव्हती. घाईत राहिली. तिने चेंज-रूटऐवजी नवा पिव्हट-रूटचा कॉल वापरला असता तर कारभाऱ्यानेच हटकलं असतं. जुन्या सवयीच्या कॉलने काही हटकलं नाही.

दुसरी खोली चालली. बुटकी बाजूला सरकली आणि वहिनीला की-बोर्डसमोर बसवलं.

वहिनीने एका बोटाने टाइप केलं. स्पीकरमधून दादा म्हणाला, “अगं, ऐकलंस का?” इतका स्वच्छ, इतका जवळून, की बुटकीच्या अंगावर काटा आला. जुन्या मशीनच्या छोट्या स्पीकरमध्ये तो नेहमी सर्दी झाल्यासारखा वाटायचा.  वहिनीने “कोण आलंय?” लावलं, मग एक शिवी लावली आणि ओठ दाबून हसली. मग म्हणाली, “आता तुझं. किती वर्षांत ऐकलं नसशील.”

“राहू दे गं.”

“राहू दे काय? मी रोज ऐकते. मला काय कमी पडणार आहे?” आणि तिने टाइप केलं.

“ए बुटके,” दादा म्हणाला.

बुटकी उठून पाणी प्यायला गेली. परत आली तेव्हा वहिनी पुन्हा खिडकीपाशी शिवत होती, चेहरा शांत, कित्येक दिवसांनी पोटभर जेवल्यासारखा. आता फक्त आवरायचं उरलं होतं. दुसरी खोली तशीच चालू ठेवून बुटकीने पहिली फसलेली खोली जिथे मांडली होती ते, तिच्या मते रिकामं, फोल्डर काढून टाकायची आज्ञा दिली. ही आज्ञा आत जे असेल ते न विचारता पुसत जाते. रिकाम्या फोल्डरला डोळ्याचं पातं लवायचाही वेळ लागत नाही. या वेळी सहा-सात सेकंद लागले.

मग पडद्यावर एक ओळ आली: हे फोल्डर काढता येत नाही, वापरात आहे.

सी लिहिणाऱ्या माणसाला ही ओळ वाचायला वेळ लागत नाही. वापरात आहे म्हणजे तिथे काहीतरी माउंट केलेलं आहे. माउंट केलेलं आहे म्हणजे दार उघडं होतं. दार उघडं होतं म्हणजे पुसणारा त्या दारातून आत गेला, सगळं पुसून आला, आणि चौकट तेवढी निघेना म्हणून तक्रार करतोय. बुटकीने मूळ फोल्डर उघडलं. त्यात काही नव्हतं. तिने आकडा मागितला. शून्य. 

तिने जे करता येतं ते सगळं केलं. पुसलेलं परत काढायचे जेवढे उपाय माहीत होते तेवढे, एकामागून एक. नव्या डिस्का मोकळी झालेली जागा त्याच क्षणी स्वतः धुऊन टाकतात. हे तिला माहीत होतं. ते वैशिष्ट्य तिने स्वतः चालू केलं होतं, डिस्क जास्त टिकते म्हणून. जुनी डिस्क तिने हातात घेऊन कानाला लावली. ती लावून काही होणार नाही हेही तिला माहीत होतं.

एकच गोष्ट उरली होती. दुसऱ्या खोलीतला प्रोग्राम अजून चालू होता. आणि सात वर्षांपूर्वी घाईत लिहिताना बुटकीने त्यात एक आळस केला होता: वाजवून झालेली फाईल तो लगेच बंद करायचा नाही, पुढची उघडेपर्यंत हातात धरून ठेवायचा. कुणीतरी धरून ठेवलेली फाईल कारभारी पुसू देत नाही. नाव जातं, फाईल राहते. म्हणजे दोन हजार तीनशे सोळांपैकी एक तुकडा जिवंत होता, शेवटचा वाजवलेला.

तो कोणता हे बुटकीला लगेच कळलं. कळल्यावर तिला वाटलं, हाही गेला असता तर बरं झालं असतं.

तिने तो बाहेरून, प्रोग्रामला धक्का न लावता, अलगद काढून घेतला. पावणेदोन सेकंदांची फाईल. लाजेची गोष्ट अशी की त्या अवस्थेतही तिचे हात काम बरोबर करत होते.

“झालं का गं?” वहिनीने विचारलं. तिने दोऱ्याला गाठ मारून दाताने तोडला. “अंधार पडायच्या आत निघते. शेवटचं ते अगं एकदा लाव, अकरावं. तू नाही ऐकायचं हं, कान बंद कर.”

बुटकी खुर्चीतून उठली आणि वहिनीसमोर जमिनीवर बसली. सांगायची कसरत कशी करावी ते तिला सुचेना, म्हणून तिने सरळ सांगितलं.

“वहिनी, माझ्या हातून गेला. सगळा पुसला गेला. मी एक ओळ विसरले.”

वहिनीला आधी समजलं नाही. “म्हणजे परत ओढावा लागेल?”

“कशातून ओढणार? जुनी डिस्क गेली. प्रत नाही.”

“प्रत मी काढू दिली नाही,” वहिनी सावकाश म्हणाली.

“तुझा काय दोष? माझं काम आहे ते. मी लोकांना शिकवते ती ओळ.” आणि मग बुटकी रडायला लागली, बावन्न वर्षांची बाई, नाक वाहेपर्यंत. वहिनी तिच्याकडे बघत राहिली. तिने हात पुढे केला नाही. मागेही घेतला नाही, तो पँटीवर होता तिथेच राहिला.

“एकही नाही?”

“एक आहे.”

वहिनीने डोळे वर केले. त्या डोळ्यांत जे उभं राहिलं ते बुटकीला पुढे कधी विसरता आलं नाही. “कुठलं?”

बुटकीने लावलं. दादा म्हणाला, “ए बुटके.”

 वहिनीने सुई रिळात खोचली, पँटी मोजल्या, घड्या घातल्या, गाठोडं बांधलं. दारापाशी चपला घालताना म्हणाली, “मीच लावलं ना ते? तुला बरं वाटावं म्हणून. अगं लावून उठले असते तर अगं राहिलं असतं.”

“वहिनी, हे घेऊन जा. नव्या मशीनमध्ये घालून देते.”

“नको. त्यात तो तुला हाक मारतोय. मी ठेवून काय करू?” ती हे चिडून म्हणाली नाही. चिडली असती तर बुटकीने ते मुकाट झेललं असतं. ती जिना उतरून गेली. जुनं मशीन मात्र टॉवेलमध्ये गुंडाळून बरोबर नेलं, जरी त्यात आता काही नव्हतं.

बुटकी सोमवारी ऑफिसला गेली. नव्या लोकांचा वर्ग होता. फळ्यावर ती ओळ लिहायची वेळ आली तेव्हा तिने ती लिहिली, आणि का लिहायची असं एकाने विचारलं तेव्हा म्हणाली, “लिहायची. विसरायची नाही.” एवढंच. रोज संध्याकाळी ती वहिनीला फोन करायची आणि रोज वहिनी दोन शब्दांत बोलून ठेवून द्यायची. जेवलीस का? जेवले. दुकानात गेली होतीस का? गेले होते. बुटकीने फाईल पुन्हा लावली नाही. एकटीने ऐकायचा आपल्याला हक्क नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

सोळाव्या दिवशी वहिनीचाच फोन आला. सकाळची सात-सव्वासातची वेळ, दुकानात निघण्याआधीची.

“वन्सं,” ती म्हणाली, आणि थट्टा त्यात नव्हती. “घर फार गप्प आहे गं.”

“मी येऊ का?”

“नको, मला निघायचंय. ते लाव. फोन जवळ धर.”

“वहिनी, त्यात फक्त…”

“माहितेय काय आहे त्यात. लाव.”

बुटकीने फोन स्पीकरपाशी धरला आणि फाईल लावली. दादा म्हणाला, “ए बुटके.” फोनमध्ये काहीच ऐकू आलं नाही, श्वाससुद्धा नाही. तिला वाटलं वहिनीने ठेवून दिला.

“परत,” वहिनी म्हणाली.

बुटकीने परत लावली.

“ए बुटके,” दादा म्हणाला.

आणि फोनच्या पलीकडून, घसा साफ करून, आतल्या खोलीतून कुणी हाक मारल्यावर देतात तशी, वहिनीने ओ दिली.